दोन मोठे पॉप गायक एकत्र आले की गाणे खरोखर चांगले होते, की तो केवळ प्रसिद्धीचा व्यवहार असतो?

व्यवहार असतोच, आणि त्यात लपवण्यासारखे काही नाही. दोघांचे चाहते एकाच गाण्यावर येतात, जुन्या नावाला नवे श्रोते मिळतात आणि नव्या नावाला वजन येते. लुईस फोन्सी आणि डॅडी यांकी यांच्या ‘देस्पासितो’ला २०१७ मध्ये जस्टिन बीबरचा आवाज जोडला गेला आणि ते गाणे अमेरिकेच्या बिलबोर्ड हॉट १०० यादीत १६ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. गाणे चांगले होते का, हे मात्र माझ्या मते एवढ्यावरच ठरते की, दोघांपैकी निदान एकाने दुसऱ्याचे गाणे नीट ऐकून मग तोंड उघडले आहे का.

मी ध्वनिमिश्रणाचे, म्हणजे मिक्सिंगचे काम करतो: वेगवेगळे मुद्रित झालेले आवाज आणि वाद्ये जुळवून एक गाणे बनवतो. काही वर्षांपूर्वी एक युगुलगीत मिक्सिंगसाठी माझ्याकडे आले. दोन्ही आवाज नावाजलेले होते. नावे सांगणार नाही. दोघांनी आपापल्या सोयीच्या स्टुडिओत, नुसत्या कच्च्या ट्रॅकवर गाऊन फायली पाठवल्या होत्या. गायिका ठेक्याच्या किंचित मागे रेंगाळणारी, तर गायक प्रत्येक शब्द मात्रेवर ठोकून बसवणारा. एकेकटे ऐकले तर दोन्ही ट्रॅक निर्दोष होते. पण मुखड्याची शेवटची ओळ दोघांनी मिळून गायची होती आणि तिथे अखेरच्या शब्दातला ‘त’ त्याचा आधी पडे, तिचा नंतर, त्यामुळे तो शब्द अडखळत उच्चारल्यासारखा वाटे. मी तिचा ‘त’ कापला, त्याचा ठेवला, तिचा स्वर मागून पुढे ओढला, त्याचा मध्येच येणारा श्वास दाबला. ओळ जुळली, पण तिच्यातला जीव गेला. मी निर्मात्यांना सुचवले की दोघांना एक दिवस एकत्र बोलवा, आणि ते जमत नसेल तर तिचा ट्रॅक त्याच्या कानात देऊन त्याच्याकडून तेवढी ओळ पुन्हा गाऊन घ्या. उत्तर आले, “ऐकणाऱ्याला काय कळतंय? पोस्टरवर दोघं शेजारीशेजारी आहेत ना, झालं तर!” गाणे चालले, आणि त्यानंतर हा विषय निघाला की त्या गाण्याचे यशच माझ्या तोंडावर फेकले जाऊ लागले.

चालले म्हणजे चांगले झाले, हा युक्तिवाद मला आजही मान्य नाही. २८ जानेवारी १९८५ च्या रात्री ‘वी आर द वर्ल्ड’ या मदतनिधीच्या गाण्यासाठी निर्माता क्विन्सी जोन्सने हॉलिवूडच्या ए अँड एम स्टुडिओत चाळीसहून अधिक कलाकार एकत्र उभे केले होते. बॉब डिलनला आपली ओळ काही केल्या सापडेना, तेव्हा स्टीव्ही वंडरने पियानोवर बसून ती खुद्द डिलनच्याच ढंगात गाऊन दाखवली आणि मग डिलनला ती गवसली. फायलींच्या देवाणघेवाणीत हे घडणे शक्य नाही.

अर्थात, दोघे एकाच खोलीत असलेच पाहिजेत असे नाही, हेही सांगायला हवे. अमेरिकन गायक नॅट किंग कोल १९६५ मध्ये वारले, आणि त्यांची मुलगी नॅटली १९९१ मध्ये त्यांच्या जुन्या ध्वनिमुद्रणासोबत ‘अनफर्गेटेबल’ गायली. वडील बदलणार नव्हते, त्यामुळे कुठे थांबायचे आणि कुठे शिरायचे हे तिला त्यांचे गाणे ऐकूनच ठरवावे लागले. बीबरही आधी तयार असलेल्या गाण्यातच शिरला होता. पाहुण्या कलाकाराचा नुसता रॅपचा अंतरा असेल तर माझा निकष फारसा लागू पडत नाही, कारण तिथे दोघे सहसा एकदम गातच नाहीत.

तुम्ही स्वतः पारखायचे म्हटले तर हेडफोन लावून दोघांची एकत्र ओळ ऐका आणि शब्दांचे शेवट व श्वास कसे पडतात तेवढ्याकडेच लक्ष द्या. आणि ऐकणाऱ्याला काही कळत नाही असे कुणी सांगितले, तर त्याला विचारा की मग ती ओळ जुळवण्यासाठी मिक्सिंगवाल्याला रात्रभर कशाला बसवून ठेवता?