फ्रान्स-स्पेनात जेवायचं कुठं? वाचकांच्या प्रश्नांना जळगावहून उत्तरं

प्रश्न : ताई, आम्ही दोघं नवरा-बायको शाकाहारी, अंडंही चालत नाही. सहलवाले पॅरिस आणि नीसला रोज रात्री भारतीय जेवण देणार आहेत. दुपारी आम्ही मोकळे. तिथलं काही खाऊन बघायची फार इच्छा आहे, पण शिरायचं कुठं? (निवृत्त शिक्षक, चोपडा)

उत्तर : सर, दुपार मोकळी मिळाली हे उत्तम झालं. फक्त वेळ पाळा. फ्रान्समध्ये दुपारचं जेवण बारा ते दोन. त्यानंतर बहुतेक ठिकाणची चूल थंड होते, ती संध्याकाळी सात-साडेसातलाच पेटते. साडेबाराला तुम्ही खुर्चीत बसलेले हवेत.

पॅरिसच्या मारे भागात र्‍यू दे रोझिए ही ज्यू वस्तीची जुनी गल्ली आहे. तिथलं ‘लास द्यू फलाफेल’ मी डोळे झाकून सांगते. काबुली चण्याचे तळलेले गोळे, तळलेलं वांगं, कोबी आणि तिळाची चटणी, सगळं पावात ठासून भरलेलं. खिडकीवरून घेऊन रस्त्यात उभ्यानं खाल्लं तर आत बसण्यापेक्षा स्वस्त पडतं. शुक्रवारी संध्याकाळी आणि शनिवारी दिवसभर ते बंद असतं, शब्बाथ म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा दिवस असतो म्हणून. तुमचा पॅरिसचा दिवस शनिवारी येत असेल तर माँपारनासला जा. फ्रान्सच्या पश्चिमेच्या ब्रिटनी प्रांताकडच्या गाड्या त्याच स्टेशनात येतात, त्यामुळे तिकडून आलेल्या लोकांनी शेजारच्या रस्त्यांवर क्रेपची, म्हणजे पातळ धिरड्यांची, दुकानं थाटली. कुट्टूच्या पिठाचं पातळ, कडेनं कुरकुरीत गालेत मिळतं, त्यात मशरूम आणि चीज घालून मागा. पीठ कालवताना कुणी कुणी अंडं घालतं, हे आधी विचारायलाच हवं. मांस, मासे, हॅम, अंडं काही नको, एवढं फ्रेंचमध्ये मोठ्या अक्षरात लिहिलेला कागद खिशात ठेवा. तोंडी बोलण्यापेक्षा तो जास्त कामाला येतो.

नीसला सोका चुकवू नका. चण्याचं पीठ, पाणी, ऑलिव्हचं तेल, मीठ एवढंच, आणि तांब्याच्या भल्यामोठ्या परातीत, लाकडाच्या भट्टीत भाजलेलं. वरून भरपूर मिरपूड. बंदराजवळचं ‘शे पिपो’ 1923 पासून हेच करतं. गरम असतानाच खा, गार झालं की त्यात राम नाही. त्याच पाटीवर दिसणार्‍या पिसालादिएरमध्ये, म्हणजे कांदा पसरून भाजलेल्या पावात, मात्र अँचोवी मासा असतो. पॅरिसचं कांद्याचं सूपही बहुधा गोमांसाच्या अर्कात शिजतं. आणि सर, तुम्ही कडक पाळणारे असाल तर एक सांगायलाच हवं. तिथली कित्येक जुनी चीज वासराच्या जठरातल्या रेनेटनं विरजलेली असतात. मनाला पटत नसेल तर चीज टाळा, सोका आणि फलाफेलनं पोट भरतं.

प्रश्न : मुलगी बार्सिलोनाला शिकते, तिच्याकडे जातोय. ती म्हणते, रात्री नऊशिवाय कुणी जेवत नाही. आम्ही आठला ताट घेणारी माणसं. शिवाय हिवाळा म्हटलं की मला भरीत लागतं. (भुसावळ)

उत्तर : दादा, मोठं जेवण दुपारकडे न्या. स्पेनमध्ये दीड-दोनपासून साडेतीनपर्यंत साध्या हॉटेलांत, विशेषतः सोमवार ते शुक्रवार, ‘मेनू देल दिया’ असतं. पहिला पदार्थ, दुसरा पदार्थ, पाव, पेय आणि शेवटी गोड किंवा कॉफी, सगळं एका ठरलेल्या पैशात. कामावरची माणसं जिथं गर्दीनं बसलेली दिसतील तिथं खुशाल बसा. मग रात्री मुलीच्या घरी टोमॅटो चोळलेला पाव आणि फळं पुरतात.

भरताचं म्हणाल, तर एस्कालिवादा मागा. वांगी, लाल ढोबळी मिरची आणि कांदा विस्तवावर भाजतात, साल काढून लांब फाका करतात, वर ऑलिव्हचं तेल आणि मीठ. आपलं भरीत कपाशीच्या काड्यांवर भाजून बडगीत ठेचलेलं आणि हिरव्या मिरचीनं झणझणीत. हे त्याचं शांत स्वभावाचं भावंड. वर अँचोवी नको, हे सांगायला विसरू नका. जानेवारी ते मार्चमध्ये जात असाल तर काल्सोत्सही खा. हा लांब दांड्याचा कांदा जाळावर काळा करतात, काळी साल ओढून काढतात आणि बदाम-मिरचीच्या चटणीत बुडवून खातात. त्याचं मूळ गाव तारागोनाजवळचं वाल्स.

‘मांस नको’ म्हटलं तरी सॅलडमध्ये टूना मासा येतो आणि सूपवर हॅमचे तुकडे येतात. दोन्हींचं वेगवेगळं नाव घेऊन नाकारा.

प्रश्न : आमची सहल होऊन आली. पुढच्या तुकडीला हॉटेलांची यादी पाठवली, तरी रोज नवे फोन येतात. शिफारस करावी कशी? (धुळे)

उत्तर : फोन येतात, कारण तुम्ही नावं पाठवलीत. नुसत्या नावानं कुणाचं पोट भरत नाही. काय खाल्लं, किती वाजता गेलात, कुठला वार बंद, किती युरो पडले, कोणत्या महिन्यात, आणि मुख्य म्हणजे ते कुणासाठी चांगलं, हे लिहा. माद्रिदचं ‘बोतीन’ 1725 सालचं, जगातलं सर्वात जुनं रेस्टॉरंट म्हणून गिनीजमध्ये नोंदलेलं. पण त्याची कीर्ती भट्टीत भाजलेल्या डुकराच्या पिल्लाची. तिथं तुम्ही माळकरी काका-काकूंना पाठवलंत, तर दोष ना त्यांचा ना हॉटेलचा. त्यांना त्याच शहरात ‘सान हिनेस’ सांगा. 1894 पासूनचं दुकान, घट्ट चॉकलेटमध्ये बुडवायचे चुरोस, म्हणजे तळलेल्या पिठाच्या कांड्या. ते नुसत्या मैदा, पाणी, मिठाचे, अंडं नाही. तुमच्या तुकडीत निम्मे मांसाहारी आणि निम्मे सॅलडवर भागवणारे असतील तर पॅरिसचं ‘बुइयाँ शार्तिए’ सांगा. 1896 चं, दुपारपासून मध्यरात्रीपर्यंत सलग चालू, त्यामुळे लुव्र संग्रहालय पाहून चार वाजता भुकेजलेल्यांचीही सोय होते. वेटर हिशोब टेबलावरच्या कागदावरच मांडतो.

महिना लिहा असं मी आग्रहानं म्हणते, कारण ऑगस्टमध्ये पॅरिसची कितीतरी घरगुती रेस्टॉरंट्स सुट्टीवर असतात. माझ्या ओळखीचं एक कुटुंब मे महिन्यातल्या कौतुकावर विसंबून ऑगस्टमध्ये गेलं आणि बंद दारापुढे उभं राहिलं, बरोबर म्हातारी आई. ज्यानं नाव दिलं त्याला हे माहीत असायलाच हवं होतं, असं नाही. पण ‘आम्ही मेमध्ये गेलो होतो’ एवढे शब्द त्यानं लिहायला हवे होते. आवडलं नाही तेही लिहा. मीठ जास्त होतं, तळणीचं तेल माशाबरोबर एकच होतं, तासभर ताटकळलो. असं लिहिलेलं वाचणार्‍याच्या खरं उपयोगी पडतं.

प्रश्न : पाण्याचे पैसे आणि टिप? (अमळनेर)

उत्तर : फ्रान्समध्ये जेवणाबरोबर ‘काराफ दो’ मागा, नळाचं पाणी फुकट मिळतं. स्पेनमध्येही 2022 च्या कायद्यानं नळाचं पाणी विनामूल्य द्यावं लागतं, मागावं मात्र आपणच. फ्रान्समध्ये सेवेचे पैसे किमतीतच धरलेले असतात, त्यामुळे टिप सक्तीची नाही. स्पेनमध्येही तसंच. वाढणार्‍यानं मनापासून केलं असेल तर एक-दोन युरो ठेवा.