राजीनामा दिला तर ग्रॅच्युइटी मिळत नाही का? (म्हापसा, हॉटेलात 6 वर्षं 8 महिने नोकरी)

मिळते. राजीनामा दिला म्हणून हक्क गेला, हे पात्रांवांचं (मालकांचं) नेहमीचं पालुपद आहे. कायद्यात तसं काही नाही. हॉटेलात 10 किंवा जास्त माणसं असावीत आणि तुमची सलग 5 वर्षं भरलेली असावीत, एवढंच. ग्रॅच्युइटी जप्त होते ती नुकसान किंवा गैरवर्तनामुळे कामावरून काढलं तर. नोटीस पूर्ण केली नाही, हे त्यात बसत नाही.

हिशेब सोपा: शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता भागिले 26, गुणिले 15, गुणिले वर्षं. वरचे 8 महिने सहाहून जास्त, म्हणून तुमची 7 वर्षं धरायची. समजा 15,600 रुपये असतील, तर 63,000 होतात. 21 नोव्हेंबर 2025 पासून नवी श्रम संहिता लागू आहे. भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील, तर निम्म्यावरची रक्कमही वेतनातच धरतात. पगारपत्रक नीट बघा.

एक खोच मात्र आहे. पावसात बंद राहणारे शॅक (किनाऱ्यावरची तात्पुरती हॉटेलं) हंगामी ठरतात, तिथे दर हंगामाला 7 दिवसांचंच वेतन. तुमचं हॉटेल बाराही महिने चालत असेल आणि तुम्हीही असाल, तर ही पळवाट मालकाला चालणार नाही. हजेरीचे फोटो, बँकेचं पासबुक जपून ठेवा.

आधी लेखी अर्ज द्या, पोच घ्या. 30 दिवसांत पैसे द्यायचे असतात, पुढे व्याज लागतं. नाहीच दिले तर पणजीला पाटोवर कामगार आयुक्तांचं कार्यालय आहे, तिथे जा.