वाचकांचे प्रश्न : टी-शर्ट नको, तीन वर्षं द्या

प्रश्न : ताई, मी नागपूरला बीएस्सी सेकंड इयरला आहे. आमच्या नेचर क्लबला एक कंपनी २२ मेच्या जैवविविधता दिनासाठी पैसे देतो म्हणते. टी-शर्ट, बॅनर, गावाबाहेरच्या मोकळ्या जागेवर रोपं लावायची आणि फोटो, बस. पोरं म्हणतात फुकट मिळतंय तर काहून नाही म्हणायचं? पण रोपं कोणती विचारलं तर गुलमोहर म्हणाले, तेव्हापासून मन खातंय. घ्यावेत का पैसे?

उत्तर : घे गं, पैसे जरूर घे, फक्त कार्यक्रम त्यांचा नको, तुमचा असू दे. २२ मेला नागपुरात रोपं लावायची म्हणजे नवतपा, म्हणजे मेअखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस, तोंडावर आलेला, पारा ४५च्या आसपास, त्यात कोवळं रोप जगेल कसं? लावायचीच तर पाऊस नीट लागल्यावर जुलैत लावा, आणि गुलमोहर हा मादागास्करचा, त्याऐवजी पळस, मोह, बेहडा, उंबर लावा. उंबर पिकलं की हरियाल येतात, आपला राज्यपक्षी, आणि ते झाडाखाली उभं राहून पोरांना दाखवता येतं.

ती "मोकळी जागा" मात्र आधी पायी फिरून बघा. मी काही वर्षांपूर्वी अशाच एका वृक्षारोपणाला गेले होते, शहराच्या कडेला मुरमाड माळ, ओळीने खड्डे खणणं सुरू होतं आणि एक टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालत होती, कोणाचंच लक्ष नाही. मी खाली बघत बघत गेले तर खड्ड्यापासून दोन हातांवर चार अंडी, मातकट, काळे ठिपके, टोकं आत वळलेली, भोवती बारीक खडे. काड्यांचं घरटं नाहीच, म्हणून कोणाला दिसलं नाही. आम्ही तो कोपरा सोडायला लावला, पण बाकी माळावर अजून किती होती ते कोण बघणार, खड्डे तर झालेच होते. माळाला आपण रिकामी जागा म्हणतो हीच मोठी चूक आहे, ते टिटवीचं घर आहे, तिथं झाड लावणं म्हणजे तिला उठवणं.

आता पैशाचं. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ज्या कंपनीची नेट वर्थ (देणी वजा जाता उरणारी मालमत्ता) ५०० कोटी किंवा उलाढाल १००० कोटी किंवा वर्षाचा नफा ५ कोटी, यातलं एक जरी असेल तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के सीएसआरवर, म्हणजे समाजाच्या कामांवर, खर्च करावे लागतात, आणि पर्यावरण, झाडं, प्राणी हे त्या यादीत आहेच. पण स्वतःच्या मालाच्या जाहिरातीसाठी दिलेली स्पॉन्सरशिप त्यात धरत नाहीत. म्हणून सरळ विचार, हे पैसे सीएसआरमधून आहेत की मार्केटिंगमधून? सीएसआरचे असतील तर एका दिवसात संपवायची गरजच नाही, नियमात चालू प्रकल्प म्हणून सुरुवातीचं वर्ष सोडून पुढे तीन वर्षांपर्यंत काम चालवता येतं. तेच माग. कॉलेजच्या संस्थेचं सीएसआर-१ रजिस्ट्रेशन आहे का तेही ऑफिसात विचारून ठेव, १ एप्रिल २०२१ पासून त्याशिवाय संस्थेला हे पैसे घेता येत नाहीत.

मागायचं काय? एक जागा धरा, गोरेवाड्याची कड म्हण किंवा तुमचंच कॅम्पस, आणि तीन वर्षं दर महिन्याला तिथं काय दिसतं ते लिहा. दोन-चार दुर्बिणी, एक मराठी फिल्ड गाईड, बसचं भाडं आणि शिकवणाऱ्याचं मानधन, एवढंच लागतं, टी-शर्टांपेक्षा फार जास्त होत नाही. पक्ष्यांच्या नोंदी ई-बर्ड या वेबसाइटवर टाका, फुलपाखरं आणि किडे आयनॅचरलिस्ट या वेबसाइटवर. शिवाय जैवविविधता कायदा २००२ खाली प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेची जैवविविधता समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही (तिथल्या झाडा-प्राण्यांची नोंद) असते, राज्य जैवविविधता मंडळाचं मुख्य ऑफिस तर आपल्याच नागपुरात आहे, तिथं जाऊन भेटा, तुमच्या नोंदी त्या वहीत जाव्यात असं म्हणा. पत्र जानेवारी-फेब्रुवारीतच द्या, कंपन्यांचं पुढच्या वर्षाचं प्लॅनिंग तेव्हा होतं, मार्चअखेर गेलं की घाईत पुन्हा टी-शर्टच येतात बघ.

प्रश्न : मी बुटीबोरीच्या कंपनीत आहे, आम्ही काही जण शाळेतल्या मुलांना रविवारी तलावावर नेणार आहोत. पीपीटी तयार आहे, अजून काय करावं?

उत्तर : दादा, पीपीटी घरीच ठेवा हो. सकाळी सहाला पोचा, नऊनंतर पक्षीही गप्प आणि मुलंही कंटाळलेली. प्रत्येकाला एक वही-पेन्सिल द्या आणि पहिली पंधरा मिनिटं नुसतं ऐकायला बसवा. तलावावर मासे धरणारे ढिवर भेटतात का बघा, कोणत्या पाण्यात मरळ मिळतो आणि कोणते मासे आता दिसेनासे झालेत हे त्यांच्याइतकं कोणी सांगणार नाही. त्यांना अर्धा दिवस मागून घ्या आणि त्याचे पैसे द्या, बाहेरून आणलेल्या पाहुण्याला देता तेवढेच, मुलांसमोर, हातात.