वाचकांचे प्रश्न : निबंधातला शेतकरी कोणाचा?

प्रश्न : आदरणीय सर, मी रावेर तालुक्यातील एका खेड्यात दहावीत शिकते. मराठीच्या इतर प्रश्नांत मला चांगले गुण मिळतात. निबंधात मात्र आठांपैकी चार-पाचांच्या पुढे मी जात नाही. गाइडमधील निबंध मी पाठ करते, सुविचारांची वहीही ठेवली आहे. तरी सराव परीक्षेत ‘शेतकऱ्याचे आत्मवृत्त’ या निबंधावर आमच्या मॅडमनी ‘ठरावीक’ एवढाच शेरा दिला. माझे वडील केळी लावतात, त्यामुळे विषय माझ्या माहितीचा होता. मी नेमके काय सुधारावे?

उत्तर : विषय माहितीचा असूनही ती माहिती तू निबंधात येऊ दिली नाहीस, असे दिसते. गाइडमधला शेतकरी आभाळाकडे डोळे लावून बसतो, कर्जात बुडतो आणि शेवटच्या परिच्छेदात ‘मी जगाचा पोशिंदा आहे’ असे म्हणून निरोप घेतो. तो कोणत्या जिल्ह्यातला, काय पिकवतो, हे शेवटपर्यंत कळत नाही. परीक्षकांनी त्याला गठ्ठ्यातील कितीतरी उत्तरपत्रिकांत भेटून झालेले असते.

रावेर-यावलचा केळी उत्पादक ठिबकवर बाग जगवतो. त्याला पावसाच्या उशिरापेक्षा मे-जूनमधील वादळाची धास्ती अधिक असते, कारण घडांच्या वजनाने वाकलेली झाडे त्या वाऱ्यात मोडून आडवी होतात आणि वर्षभराची मेहनत थोड्या वेळात जमिनीवर येते. उन्हाळ्यात पारा 45 अंशांच्या आसपास गेला की पाने करपतात. कुकुंबर मोझॅक विषाणू शिरला तर रोपे उपटून टाकावी लागतात. शिवाय बऱ्हाणपूरच्या बाजारात आज काय भाव निघाला, याकडे त्याचे लक्ष असते. हे सारे तू घरात ऐकत असशील. निबंधाचा कच्चा माल तोच आहे.

मात्र हा कच्चा माल जसाच्या तसा ओतला तर निबंध न होता यादी होईल. म्हणून लिहिण्यापूर्वी निवड करावी. समज, भाव पडला आहे आणि घड कापणीला आले आहेत. कापसाचा शेतकरी भाव चढेपर्यंत कापूस घरात भरून ठेवू शकतो; केळीला तशी सवड नाही, ती पिकणारच. आज पडत्या भावाने द्यावे की दोन-चार दिवस थांबावे, या एका पेचाभोवती आत्मवृत्त रचलेस तर वादळ, खर्च, व्यापारी, बापाचा स्वभाव या गोष्टी आपापल्या जागी येतील, आणि ज्या येणार नाहीत त्या सोडून देता येतील. चांगल्या निबंधात काय गाळले आहे यालाही मोल असते. पाठांतराच्या सवयीने नेमके हे गाळण्याचे धैर्यच जाते, असे माझे मत आहे.

वैचारिक निबंधात हीच निवड मताची असते. ‘मोबाइल : शाप की वरदान’ या विषयावर अर्धे पान फायदे, अर्धे पान तोटे आणि शेवटी ‘प्रत्येक नाण्याला दोन बाजू असतात’ असे लिहिणाऱ्याने काहीच म्हटलेले नसते. एक बाजू घ्यावी, तिच्या विरोधातला सर्वांत बळकट मुद्दा स्वतःच मांडावा आणि त्याला उत्तर द्यावे. प्रसंगलेखनाबद्दल इतकेच सांगतो की, सकाळी उठल्यापासून सुरुवात करू नये. प्रसंग जिथे पेटतो, त्याच्या थोडे अलीकडे सुरू करावे.

आता वेळेचे पाहू. तीन तासांत 80 गुणांची उत्तरपत्रिका लिहायची असते. त्या प्रमाणात आठ गुणांना 18 मिनिटे येतात. त्यांतील चार-पाच मिनिटे मुद्दे काढण्यात आणि निवडण्यात घालवलीस तर ती वाया जात नाहीत, कारण उरलेल्या वेळात हात अडत नाही. शेवटची दोन-तीन मिनिटे वाचनासाठी ठेव आणि प्रत्येक लांब वाक्याला ‘कोणी?’ आणि ‘काय केले?’ असे विचारत जा. मराठीत क्रियापद शेवटी येत असल्यामुळे, मध्ये उपवाक्ये वाढली की सुरुवातीचा कर्ता आणि शेवटचे क्रियापद यांची फारकत होते. असे वाक्य सापडले तर ते सजवू नये, सरळ दोन करावीत.

सरावासाठी दर आठवड्याला नवा विषय घेण्यापेक्षा एकच विषय आठवड्याने, जुने पान न पाहता, पुन्हा लिही. मग दोन्ही पाने शेजारी ठेवून प्रत्येक परिच्छेदापुढे समासात त्याचा मुद्दा एका ओळीत लिही. दोन ओळी सारख्या निघाल्या तर एक परिच्छेद जास्तीचा आहे. मॅडमना ‘निबंध कसा झाला?’ असे विचारल्यास ‘बरा आहे’ याहून वेगळे उत्तर मिळणे कठीण. ‘वाचताना आपण कुठे कंटाळलात?’ असे विचारून पाहा. सुविचारांची वही फेकू नकोस, पण परीक्षेत तिची आठवण झालीच तर त्या सुविचाराशिवाय परिच्छेद उभा राहतो का, ते आधी तपास. बहुधा राहतो.

प्रश्न : आमच्या घरी अहिराणी बोलतात. आठवीतल्या मुलाच्या निबंधात तिची रूपे उतरतात. घरात प्रमाण मराठीच बोलावी काय? (एक पालक, साक्री तालुका)

उत्तर : तसे मुळीच करू नये. मुलाची निरीक्षणे त्याच भाषेत साठलेली आहेत. ती बंद केली तर निबंध शुद्ध होईल, पण रिकामा होईल. त्याच्या चुका पाहिल्यात तर त्याच त्या परत येताना दिसतील : ‘डोळा’ऐवजी ‘डोया’, ‘माझा’ऐवजी ‘मना’, ‘आहे’ऐवजी ‘शे’, आणि ण-न यांची अदलाबदल. त्याच्याच वह्यांतून अशी रूपे काढून वहीच्या शेवटच्या पानावर त्याच्याकडूनच लिहवून घ्यावीत आणि निबंध झाल्यावर त्या पानाशी ताडून पाहण्याची सवय लावावी. निबंधात आजीच्या तोंडी एखादे अहिराणी वाक्य अवतरणचिन्हांत आले आणि संदर्भातून त्याचा अर्थ लागत असला, तर ते खोडू नये.