व्हिएतनामहून परतलेल्या, सक्तीने भरती केलेल्या अमेरिकन सैनिकांना घरी रुळणं एवढं जड का गेलं? लोकांनी अपमान केला म्हणून का?

अपमान हे कारण मी तरी पहिलं धरणार नाही. ओहायोत आमच्या शेजारी एक गृहस्थ राहायचे, माझी मुलं त्यांना आजोबाच म्हणायची. त्यांच्याकडून अकरा वर्षांत तुकड्या-तुकड्यांनी जे ऐकलं त्यावरून लिहितोय.

1 डिसेंबर 1969 च्या रात्री वॉशिंग्टनमध्ये सक्तीच्या भरतीची सोडत निघाली. काचेच्या बरणीत 366 निळ्या प्लास्टिकच्या कुप्या, प्रत्येकीत वर्षातली एक तारीख. पहिली निघाली 14 सप्टेंबर. म्हणजे 1944 ते 1950 मध्ये त्या तारखेला जन्मलेल्यांचा नंबर पहिला. पुढे 195 पर्यंतच्या नंबरांना बोलावणं आलं. (आपल्याकडे म्हाडाच्या सोडतीत नंबर लागला की पेढे वाटतात!) आजोबांचा नंबर तिसाच्या आत होता. फेब्रुवारी 1970 ला ते भरती झाले आणि जुलैत व्हिएतनाममधल्या चू लाईच्या अमेरिकन तळावर पोचले.

मी एकदा त्यांना आमच्या देवरुखकडच्या भातलावणीचे फोटो दाखवत होतो. एका फोटोत काकू डोक्यावर आवण घेऊन बांधावरून चालली होती. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "हिला कुणी सांगितलं नाही का?" मला कळेना. मग सांगितलं, की बांधावरून कधीच जायचं नाही, सुरुंग तिथेच पुरलेला असतो. गुडघाभर चिखल झाला तरी खाचरातूनच जायचं. आपण पोरांना नेमकं उलटं सांगतो, बांध सोडू नका, भात तुडवू नका. त्यांनी तेरा महिन्यांहून जास्त काळ भातच तुडवलं होतं. "पिकवणारे कडेला उभे राहून बघायचे," एवढंच म्हणाले आणि फोन परत दिला.

आता तुमचा मुद्दा. सक्तीची नोकरी दोन वर्षांची आणि व्हिएतनाममधली पाळी बारा महिन्यांची. म्हणजे परतल्यावर उरलेले महिने अमेरिकेतल्या एखाद्या छावणीत काढायचे, सलाम ठोकत, बूट घासत. पण लष्कराचा एक नियम होता. परतताना नोकरीचे 150 दिवस किंवा त्याहून कमी उरले असतील, तर तिथल्या तिथे सुटका. म्हणून कित्येक पोरं आपणहून पाळी वाढवून घ्यायची. आजोबांनी सात आठवडे वाढवून घेतले. छावणीतले पाच महिने वाचवायला सात आठवडे जिवाशी खेळ! विसाव्या वर्षी हा हिशेब बरोबर वाटतो.

सुटका कशी? सप्टेंबर 1971. चू लाई सोडल्यापासून चौथ्या दिवशी ते आईच्या स्वयंपाकघरात बसलेले. मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंडला नवा गणवेश, एक स्टेकचं जेवण, सुटकेचा कागद. माणसं एकेकटी जायची आणि एकेकटी परतायची, तुकडी मागेच राहायची. त्यांचे वडील 1945 ला युरोपातून आपल्याच तुकडीबरोबर बोटीने आले होते. जे बोलायचं ते त्यांनी बोटीवर बोलून घेतलं असणार, असं आजोबा म्हणायचे. मला हे सगळ्यात पटतं.

अपमान त्यांचा कुणी केला नाही. कुणी काही विचारलंच नाही. वडील म्हणाले, "सोमवारपासून कामावर जा." कायद्याने जुनी नोकरी परत मिळायची, तशी ती मिळाली, कारखान्यात प्रेसचा आवाज सहन होईना म्हणून पाच महिन्यांत सोडली. कॉलेजसाठी सरकार महिना 175 डॉलर द्यायचं. त्यातच फी, पुस्तकं, खोलीभाडं सगळं भागवायचं. एक सत्र कसंबसं झालं. मग रात्रपाळीचा पहारेकरी, तो निवृत्तीपर्यंत. रात्री झोप येतच नव्हती, निदान तिचा पगार तरी मिळाला, हा त्यांचा विनोद.

युद्धाच्या धक्क्यातून येणाऱ्या या दुखण्याला अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत नाव मिळालं 1980 साली, पीटीएसडी. तोवर घरचे 'तिरसट झालाय' म्हणायचे, पहिली बायको तर सोडूनच गेली. 1979 पासून गावोगावी माजी सैनिकांसाठी सल्लाकेंद्रं निघू लागली होती, पण आजोबा तिथे गेले ते पन्नाशीत, दुसऱ्या बायकोने गाडीत घालून नेलं म्हणून. भरपाईच्या फॉर्मवर 'काय घडलं ते लिहा' असा रकाना होता. त्यांनी 'चू लाई, 1970-71' लिहून पेन खाली ठेवलं. समोरचा माणूसही तिकडूनच आलेला. त्याने फॉर्म बाजूला सारून कॉफी ओतली. रकाना भरायला चार मंगळवार लागले.