२१४७४८३६४७ मूळ संख्या आहे, हे हाताने कसं ठरवायचं?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: २,१४,७४,८३,६४७ मूळ आहे हे संगणकाशिवाय कसं ठरवायचं, आणि ३२-बिट (म्हणजे संगणकातल्या ० किंवा १ अशा ३२ अंकांच्या) पूर्णांकाची कमाल किंमत नेमकी मूळ संख्याच कशी निघाली. दुसरं आधी उरकतो. निव्वळ योगायोग! एक बिट चिन्हाला जातो, उरलेल्या ३१ बिटांत सगळे १ भरले की २^३१ − १ (२ चा ३१ वा घात, उणे १) मिळते, तीच ही संख्या. १६ बिटांत हेच केलं तर ३२,७६७ येते, म्हणजे ७ × ३१ × १५१. ६४ बिटांतल्या २^६३ − १ लाही ७ ने भाग जातो.

खरी गंमत पहिल्या प्रश्नात आहे. तपासणीसाठी तुम्ही लिहिलेला प्रोग्राम निम्म्या संख्येपर्यंत भागाकार करत बसतो, ते आधी थांबवा. वर्गमूळ ४६,३४० च्या किंचित पुढे आहे, तिथवर पुरे. पण तेवढ्यातही पावणेपाच हजारांवर मूळ संख्या येतात. गणितज्ञ ऑयलरने १७७२ साली ही संख्या मूळ असल्याचं कळवलं, तेही नजर जवळजवळ गेलेली असताना. म्हणजे यादी छाटायची काहीतरी युक्ती हवीच.

समजा भ हा तिचा मूळ भाजक आहे. मग २^३१ ला भ ने भागल्यावर बाकी १ उरते. ३१ स्वतः मूळ असल्याने २ च्या त्याहून लहान घाताला ही बाकी १ येऊ शकत नाही, आणि बाकी १ देणारे सगळे घातांक ३१ च्याच पटीत येतात. फर्माच्या छोट्या प्रमेयाने २^(भ−१) चीही बाकी १, म्हणून भ − १ ला ३१ ने भाग जायलाच हवा. भ विषम, म्हणून खरं तर ६२ ने.

आता २^३१ ला आणखी एकदा २ ने गुणा. २^३२, म्हणजे ६५,५३६ चा वर्ग, आणि त्याची बाकी २. ज्या विषम मूळ भाजकाने भागल्यावर एखाद्या वर्गाची बाकी २ येते, त्या भाजकाला ८ ने भागलं की १ किंवा ७ च उरतात. दोन्ही अटी जुळवल्या की भ फक्त २४८क + १ किंवा २४८क + ६३ अशा साच्याचा असू शकतो (क म्हणजे ०, १, २ अशी कोणतीही पूर्ण संख्या).

६३ आणि २४९ मूळच नाहीत. पहिला उमेदवार ३११. भागून बघा, बाकी ३५. पुढचा थेट १३०३! वर्गमूळापर्यंत असे अवघे ८४ निघतात, आणि एकानेही भाग जात नाही. दोन-तीन संध्याकाळचं काम, चिकाटी असेल तर.

फक्त घातांक मूळ आहे म्हणून भुलू नका: २^२९ − १ = २३३ × ११०३ × २०८९. ५ पासून २^५ − १ = ३१, आणि ३१ पासून आपली संख्या, अशी साखळी छान चालते. पण तिलाच घातांक केलं की साखळी तुटते, कारण त्या अवाढव्य संख्येला २९,५२,५७,५२,६६,२६,०३१ ने भाग जातो. हा भाजक म्हणजे १,३७,४९० × २,१४,७४,८३,६४७ + १, म्हणजे वरच्या ६२ च्या अटीचाच मोठा भाऊ.