कळा चालू असताना बायकोशी काय बोलायचं

दादा, तुम्ही विचारलंय की बायकोची पहिलीच वेळ, तारीख पुढच्या आठवड्यातली, लेबर रूममध्ये सोबत थांबायला परवानगी मिळालीय, पण 'घाबरू नको, काही होत नाही' म्हटलं की ती आत्ताच चिडते, मग आत बोलायचं तरी काय. मी ठाण्यात 20 वर्षं लेबर रूमची सिस्टर होते, आता ऐरोलीला घरी असते, म्हणून सांगते.

ते 'काही होत नाही' आजच बंद करा. तिला होतंय ना! 'दुखतंय, कळतंय मला, मी इथेच आहे' एवढं पुरे. भीतीने अंगात अॅड्रेनलिन वाढतं, त्याने कळा आणणारं ऑक्सिटोसिन दबतं, अंग आवळलं की तीच कळ जास्त दुखते, त्यामुळे शांत आवाजाचा खरंच उपयोग होतो.

कळ साधारण मिनिटभर राहते. ती चढत असताना पाणी देऊ का, पंखा वाढवू का असलं काही विचारू नका, उत्तर द्यायची ताकद नसते तेव्हा. हळू आवाजात तेच तेच बोला, 'श्वास सोड... अजून सोड... खांदे सैल... उतरतेय बघ'. ओसरली की 'ही गेली, संपली'. पाणी, गप्पा सगळं मधल्या वेळात. कमरेखाली तळहात दाबून धरला की पुष्कळ जणींना बरं वाटतं पण आधी विचारा, आणि हात झटकला तर मनाला लावून घेऊ नका.

सुरुवातीला मीसुद्धा पेशंटवर ओरडायचे, 'एवढं काय झालं ओरडायला', त्याचं अजून वाईट वाटतं. मग एका नाइटला कळव्याची एक पहिलटकरीण माझं मनगट सोडेचना, मी नुसती तिचं नाव घेत कानाशी बोलत राहिले आणि तिचा श्वास हळूहळू माझ्या श्वासाबरोबर चालायला लागला, त्या रात्रीनंतर मी ओरडणं सोडलं.

तपासणी झाली की 'अजून चारच सेंटिमीटर?' हे तोंडातून काढू नका. गर्भाशयाचं तोंड ताशी 1 सेंटिमीटर उघडलंच पाहिजे हा जुना हिशोब सगळ्यांना लागू होत नाही असं जागतिक आरोग्य संघटनेनेच 2018 मध्ये सांगितलंय, 5 सेंटिमीटरपर्यंत उघडायला वेळ लागू शकतो. सिस्टरला विचारा आता पुढे काय होणार आणि तेच तिला सोप्या शब्दात सांगा, माहीत असलं की भीती कमी होते.

कोक्रेन म्हणजे वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणारी संस्था, तिच्या 2017 च्या आढाव्यात 26 अभ्यास, 15 हजारांवर बायका होत्या, ज्यांच्यासोबत सतत कोणी होतं त्यांची सिझर कमी झाली, दुखण्याची औषधंही कमी लागली. तरी तिने एपिड्युरल, म्हणजे पाठीत देतात ते दुखणं कमी करणारं इंजेक्शन, मागितलं तर 'थोडं सहन कर' अजिबात नको, लगेच डॉक्टरांना सांगा, तो तिचा निर्णय.

आणि फोन बाहेर सासूबाईंकडे देऊन आत जा, दोन्ही घरचे दर पाच मिनिटांनी 'झालं का' विचारतात आणि नेमकी तेव्हाच कळ आलेली असते.